मूठभर टीसीएलने विहीर शुद्ध होत नाही: मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांसाठी कामाचा क्रम

गणपतीला गावी पोचलं, दोन दिवस झाले आणि घरात दोघा-तिघांचं पोट बिघडलं, की आपण मुंबईकर ‘पाणी बदललं’ म्हणून मोकळे होतो. पाणी बदललेलं नसतं, बिघडलेलं असतं. श्रावण-भाद्रपदात कोकणातली विहीर कठड्यापर्यंत भरलेली असते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे संडासाच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून सहज झिरपतं. त्यात चार माणसांच्या घरात वीस माणसं उतरतात. खड्डा आणि विहीर दोन्ही एकाच आठवड्यात सगळ्यात जास्त वापरली जातात.

मग कुणीतरी भरदुपारी बायका पाणी शेंदत असताना वरून दोन मुठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर भिरकावतो आणि ग्रुपवर फोटो टाकतो. वेळ चुकलेली, माप नाही, पावडर जिवंत आहे की मेलेली ते ठाऊक नाही, नंतर तपासणीही नाही. लालबाग-परळच्या खोलीत किंवा विरार-नालासोपाऱ्याच्या सोसायटीत बैठका घेणाऱ्या आणि दरवर्षी ‘पाण्यासाठी काहीतरी करू’ म्हणणाऱ्या मंडळांसाठी हा क्रम लिहितो आहे. आपण शिमगा, मे आणि गणपती अशा तीन वेळा गावी जातो, म्हणून कामही त्या वेळांनुसार वाटून दिलं आहे.

तयारी: मुंबईतच उरकायची कामं

आधी माणूस ठरवा, वस्तू नंतर. मंडळ वर्षाचे पंधरा-वीस दिवस गावात असतं आणि विहीर ३६५ दिवस. ग्रामपंचायतीकडे पाणी शुद्धीकरणासाठी जलसुरक्षक असतो. जल जीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) फोन करून ही माणसं कोण ते विचारा आणि त्यांच्यासोबतच काम करा. जलसुरक्षकाने सकाळी मात्रा दिली आणि मंडळाने संध्याकाळी पुन्हा दिली, असं होऊ शकतं. एका वाडीत असं झालं आणि पुढचे दोन दिवस कुणी त्या पाण्याचा चहासुद्धा घेतला नाही.

आपल्याकडूनही वाडीतल्या दोन व्यक्ती नेमा. एक मुख्य आणि एक बदली. शक्यतो ज्या रोज पाणी भरतात त्याच. पुढाऱ्याचा मुलगा नको, तो सोमवारी रत्नागिरीला असतो.

मग सामान:

- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा
- दर फुटाला गाठ मारलेला दोर, टोकाला दगड
- दोन प्लॅस्टिकच्या बादल्या, फक्त याच कामाच्या. लोखंडी नको, क्लोरीन लोखंड खातं
- १० मिलीची बिनसुईची सिरिंज
- क्लोरोस्कोप (पाण्यातला क्लोरीन रंग जुळवून मोजायचं साधन) आणि ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावणाची एक जादा बाटली. क्लोरीन असेल तर या द्रावणाने पाणी पिवळं होतं. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा
- रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला बांधायला फडकं
- जिवाणू तपासणीच्या एचटूएस बाटल्या, विहिरीमागे दोन
- दोनशे पानी वही

टीसीएल या यादीत मुद्दाम घातलेली नाही. पहिल्या वर्षी मीच शहाणपणा केला. स्वस्त पडते म्हणून एप्रिलात २५ किलोची गोण मुंबईहून गावी नेली आणि देवळामागच्या खोलीत ठेवली. पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं होतं, एवढीच काय ती काळजी. गणपतीत बाहेर काढली तर पावडरीची ढेकळं झालेली, वास जवळपास गेलेला. मोजून टाकली तरी ओटीला रंग येईना. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो. २० टक्क्यांखाली आलेली पावडर विहिरीच्या कामाची नाही.

सावधान: टीसीएल लागेल तेवढीच, दोन-तीन महिन्यांपुरती घ्या. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. झाकणावर आणल्याची तारीख लिहा. शेजारी रॉकेल, खत किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड नको. अ‍ॅसिड आणि टीसीएल एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

टप्पा १. शिमग्याला: विहिरीभोवती एक फेरी

पालखी घरोघरी फिरते त्याच दिवसांत अर्धा तास काढा. वही घेऊन विहिरीभोवती फिरा आणि दिसेल ते लिहा. उपाय सुचवत बसू नका, नुसतं लिहा.

संडास किंवा शोषखड्डा किती अंतरावर आहे? निदान १५ मीटर, म्हणजे पन्नासेक फूट हवं. अंतर दोराने मोजा. ‘असेल पन्नास फूट’ या उत्तरावर मी आता विश्वास ठेवत नाही. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर असेल तर पन्नास फूटही अपुरे. कठडा अडीच फूट आहे का? भोवतीचा ओटा फुटलाय का? सांडलेलं पाणी बाहेर वाहून जातं की चिऱ्याच्या फटीतून परत आत झिरपतं? कपडे-भांडी कुठे धुतात? गोठ्याचं पाणी कुठे जातं? पोहरा कठड्यावर राहतो की जमिनीवर, चिखलात?

या शेवटच्या प्रश्नाकडे सगळे दुर्लक्ष करतात. विहीर कितीही शुद्ध करा, शेण-चिखलाला टेकलेला पोहरा दिवसातून पन्नास वेळा आत जात असेल तर पन्नास वेळा घाण आत जाते. प्रत्येक घराचा वेगळा पोहरा असेल तर प्रश्न तितक्या पटीने वाढतो. विहिरीला एकच पोहरा, एकच दोर आणि तो टांगायला एक लोखंडी हूक. सगळ्या यादीतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

ग्रामपंचायतीत जाऊन आणखी एक गोष्ट विचारा: आपल्या गावाला कार्ड कोणतं मिळालंय? वर्षातून दोनदा आरोग्य विभागाकडून पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीनुसार हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल असेल तर का मिळालं त्याची नोंदही मागा. निम्मी यादी तिथेच तयार मिळते.

टप्पा २. मे महिन्यात: आधी दुरुस्ती, मग गाळ, मग औषध

क्रम इथेच सगळ्यात जास्त चुकतो. मंडळं आधी गाळ काढतात, टीसीएल टाकतात आणि ओट्याची दुरुस्ती ‘पुढच्या वर्षी’ ठेवतात. पहिल्याच पावसात फुटक्या ओट्यावरचं पाणी आत जातं आणि मेचा खर्च जूनमध्ये वाहून जातो.

आधी कठडा आणि चिऱ्यांचे सांधे सिमेंटने भरा. भोवती निदान एक मीटर रुंदीचा, बाहेर उताराचा ओटा आणि त्याला लांब जाणारी पन्हळ करा. धुण्याचा दगड खालच्या अंगाला हलवा. यावर भांडण होईल, कारण तो दगड आजेसासूच्या काळापासून तिथे असतो. पुरुषांनी बैठकीत ठराव करून काही होत नाही. ज्या तिथे धुतात त्यांना जागा निवडू द्या.

मग पाणी तळाला गेलेलं असताना गाळ उपसा.

सावधान, आणि हे दोनदा वाचा: डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत साचतो. त्याला वास नसतो, आणि खाली उतरलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. पंप वर, नळी खाली. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत ऑक्सिजन कमी असल्याचं सांगते, पण कार्बन मोनॉक्साइडचं सांगत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर ओढायला निदान दोघे. आतला माणूस गप्प झाला तर कुणीही मागोमाग उडी मारायची नाही.

गाळ निघाल्यावर भिंती ब्रशने घासा आणि पुन्हा पाणी साठू द्या. मग एकदाच जड मात्रा: १,००० लिटरला १५० ग्रॅम टीसीएल. रात्रभर, निदान १२ तास राहू द्या आणि मग ते सगळं पाणी उपसून टाका. ओढ्यात किंवा मासे असलेल्या तळ्यात सोडू नका. या काळात विहिरीवर फळी ठेवा आणि घरोघर सांगा. नुसता व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरत नाही, वाडीतली म्हातारी माणसं तो वाचत नाहीत.

टप्पा ३. नमुना: औषधाआधी, नंतर नव्हे

रोजची टीसीएल सुरू केल्यावर जिवाणू तपासणीचा नमुना घेतला तर अहवाल छान येणारच. तुम्हाला विहिरीची मूळ तब्येत हवी आहे, म्हणून नमुना आधी.

दुसरी चूक खास मुंबईकरांची. मिनरल वॉटरची रिकामी बाटली भरून घेतात, ती रातराणीने मुंबईला आणतात आणि सोमवारी लॅबमध्ये देतात. बाटली निर्जंतुक नसते. चोवीस तास उलटलेले असतात आणि डिकीत ती तापलेली असते. त्या अहवालाला काही अर्थ नाही, चांगला येवो की वाईट. जिवाणूंसाठी लॅबने दिलेली निर्जंतुक बाटली लागते. ती आतून विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि जास्तीत जास्त २४ तासांत पोचवायची. त्यामुळे नमुना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेतच द्या. रासायनिक तपासणीची बाटली वेगळी असते. तिला एक लिटर पाणी लागतं, आणि ती मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळायची.

अहवालात आधी ई-कोलायचा (मैल्यातून येणाऱ्या जिवाणूचा) रकाना पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलीमध्ये एकही ई-कोलाय असता कामा नये. मग नायट्रेट: लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर शोषखड्डा, गोठा किंवा खत यांतलं काहीतरी विहिरीत उतरतंय. नायट्रेट टीसीएलने जात नाही, उकळूनही जात नाही.

आणि हा अहवाल हातात येईपर्यंत आरओ मशीनची वर्गणी काढू नका. खाडीकाठच्या खाऱ्या विहिरी सोडल्या तर जांभ्यातल्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. तिथे आरओ बसवून दात्याच्या नावाची पाटी तेवढी लागते.

घरबसल्या तपासणी: एचटूएस बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर मैलापाण्याचा संसर्ग आहे असं धरून चला. काळी नाही पडली म्हणजे पाणी शंभर टक्के सुरक्षित, असं मात्र नाही. बाटली फेकण्याआधी आत टीसीएलचं द्रावण ओता.

टप्पा ४. विहिरीत किती लिटर पाणी आहे ते मोजा

दगड बांधलेला दोर तळापर्यंत सोडा आणि ओला झालेला भाग फुटांत मोजा. ही पाण्याची खोली. व्यास कठड्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. मग गोल विहिरीसाठी:

व्यास × व्यास × पाण्याची खोली × २२ = लिटर (सगळी मापं फुटांत)

चौकोनी विहिरीला लांबी × रुंदी × खोली × २८.

समजा व्यास १० फूट आहे. गणपतीत पाणी १३ फूट असेल तर १० × १० × १३ × २२, म्हणजे २८,६०० लिटर. त्याच विहिरीत मे महिन्यात ४ फूट पाणी असतं, म्हणजे ८,८०० लिटर. १,००० लिटरला ५ ग्रॅम या मापाने गणपतीत १४३ ग्रॅम लागतात, मे महिन्यात ४४. ‘दोन मुठी’ या दोन्ही आकड्यांना लागू पडत नाहीत. शिवाय मूठ कुणाची, हाही प्रश्न आहेच.

दर फुटाला किती ग्रॅम, असा तक्ता करून ठेवा. या विहिरीला फुटामागे ११ ग्रॅम. पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलं की मुंबईला फोन करावा लागत नाही.

टप्पा ५. पाच ग्रॅम पुरतात का? चार बादल्यांची चाचणी

५ ग्रॅम हा अंदाज आहे. पाण्यात पालापाचोळा आणि सेंद्रिय घाण जास्त असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो. म्हणून विहिरीवर प्रयोग करण्याआधी बादलीवर करा.

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम टीसीएल कालवा आणि निवळू द्या. चार बादल्यांत प्रत्येकी बरोबर १० लिटर विहिरीचं पाणी घ्या. सिरिंजने वरच्या निवळीतले अनुक्रमे ५, १०, १५ आणि २० मिली टाका आणि ढवळा. १० मिलीची बादली म्हणजे १,००० लिटरला ५ ग्रॅमची मात्रा, १५ मिलीची म्हणजे साडेसात. अर्ध्या तासाने चारही बादल्यांची ओटी चाचणी घ्या. ज्या पहिल्या बादलीत ०.५ चा (लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन) रंग येईल ती तुमची मात्रा.

चारही कोऱ्या राहिल्या तर पावडर बहुधा मेलेली आहे. माझी गोण अशीच पकडली गेली.

टप्पा ६. मात्रा द्यायची ती रात्री

शेवटची कळशी गेल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला. उन्हाने क्लोरीन उडतो आणि दिवसा पाणी सतत उपसलं जातं.

१. हातमोजे, चष्मा, फडकं. वाऱ्याकडे पाठ.
२. बादलीत मोजलेली पावडर आणि थोडं पाणी घालून लापशीसारखी कालवा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे १४३ ग्रॅमला दोन बादल्या.
३. बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा.
४. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा पांढरा साका विहिरीत टाकायचा नाही. तो चुना आहे, त्याने पाणी उगाच जड होतं.
५. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि खाली-वर, आडवी-तिडवी हलवा. वरून ओतून चालत नाही. क्लोरीन वरच्या थरात राहतो आणि खालचं पाणी तसंच.
६. निदान एक तास कुणी पाणी भरायचं नाही.

घरगुती लहान विहिरींना रोज हे करणं जड जातं. साडेचार हजार लिटरपर्यंतच्या विहिरीला दोन मडक्यांची पद्धत चालते. एक किलो टीसीएल आणि दोन किलो जाड वाळू ओलसर मिसळून, बाजूला भोक असलेल्या आतल्या मडक्यात भोकाच्या तीन सेंटिमीटर खालपर्यंत भरायची. ते मडकं तसंच भोक असलेल्या मोठ्या मडक्यात ठेवून पाण्याखाली मीटरभर सोडायचं. दोन ते तीन आठवडे पुरतं. सार्वजनिक विहिरीला ही पद्धत अपुरी पडते.

सावधान: पाणी लालसर गढूळ असेल तर टीसीएलवर भिस्त ठेवू नका. मातीच्या कणाआड जंतू लपतात. त्या दिवसांत पिण्याचं पाणी तुरटीने निवळून, गाळून, खळखळून उकळा.

टप्पा ७. ओटी: दहा सेकंदांत वाचा

मात्रा दिल्यावर तासाभराने एकदा आणि पहाटे पहिली कळशी भरण्याआधी एकदा. क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी घ्या, सांगितलेले थेंब टाका, हलवा आणि लगेच रंग जुळवा. पाच मिनिटांनी पिवळा गडद होतो आणि आपण खूश होतो. पण तो गडदपणा घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. पहिल्या दहा सेकंदांतला रंग मोकळ्या क्लोरीनचा. तो तासाभराने ०.५ आणि पहाटे निदान ०.२ हवा. कमी आला तर निम्मी मात्रा आणखी द्या आणि पुन्हा तासभर थांबा. नारिंगी-तपकिरी रंग आला तर मात्रा जास्त झाली आहे, थांबून पुन्हा तपासा. चाचणीचं पाणी ओतून द्या, पिऊ नका, आणि ओटीचा थेंब कातडीला लागू देऊ नका.

‘औषधाचा वास येतो’ ही तक्रार पहिल्या आठवड्यात येणारच, आणि ती करणाऱ्यांत मुंबईकर पुढे असतात. भातसा-वैतरण्याचं पाणी मुंबईत क्लोरीन घालूनच येतं आणि ते आपण वर्षभर पितो. भरलेला हंडा तासभर ठेवला की वास बराच उतरतो.

टप्पा ८. नळयोजना असेल तर शेवटचा नळ, आणि घरातलं ओगराळं

टाकीतलं पाणी चांगलं असलं तरी नळाला चांगलं येईलच असं नाही. पाणी बंद असताना पाइपात पोकळी होते आणि गटारातून गेलेला फुटका सांधा बाहेरची घाण आत ओढतो. म्हणून ओटी टाकीपाशी न घेता वाडीतल्या शेवटच्या घराच्या नळावर घ्या. तिथे ०.२ नसेल तर आधी गळती शोधा, मात्रा नंतर वाढवा. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवा.

घरात हंड्यावर झाकण आणि पाणी काढायला लांब दांडीचं ओगराळं ठेवा. वीस माणसांच्या घरात पेला बुडवून पाणी घेतलं की वरच्या सात टप्प्यांची मेहनत एका बोटाने जाते.

एकाच विहिरीवरच्या दोन घरांत एकाच दिवशी जुलाब लागले तर त्याच तासाला आशाताईंना किंवा उपकेंद्राला कळवा. पिण्याचं पाणी उकळायला लागा, ओआरएस सुरू करा. अशा वेळी आधी नमुना, मग टीसीएल. घाईत पावडर टाकली की कारण सापडत नाही.

वहीत रोज एक ओळ: तारीख, पाण्याची खोली, ग्रॅम, ओटीचा आकडा, सही. फोटो नकोत, आकडे हवेत. नेमलेल्या बाईंना महिन्याचं मानधन वर्गणीतून द्या आणि मंडळाच्या जमाखर्चात त्याचं वेगळं सदर ठेवा, म्हणजे नवीन कार्यकारिणी आली की ते गुपचूप बंद पडत नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन एसट्या मुंबईला परत निघाल्या की त्याच रात्री पुन्हा दोर सोडून खोली मोजायला सांगा. उपसा एकदम घटतो, पाऊस ओसरतो, आणि १४३ ग्रॅमचा आकडा पुढच्या आठवड्यात चुकीचा ठरतो.